व्याज किती आणि हाती किती?



काटकसर हा आपल्या समाजाचा जुना गुण आहे. पोटाला चिमटा घेऊन चार पैसे शिल्लक टाकावेत, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. परंतु त्या शिल्लकेवर खरोखर किती मिळते, याचा हिशेब आपण क्वचितच करतो. चिटणिसांच्या आज्ञेवरून त्याविषयी दोन शब्द बोलतो.

प्राप्तिकराची आकारणी पायरीपायरीने होते. एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीच्या दरांत पहिले 4 लाख रुपये करमुक्त आहेत. पुढे प्रत्येक 4 लाखांस दर 5 टक्क्यांनी चढत जाऊन 24 लाखांवरील रकमेस 30 टक्के लागतो. वरची पायरी गाठताच सर्व उत्पन्नास वरचा दर लागतो, ही समजूत चुकीची आहे. तो त्या पायरीवरील रकमेपुरताच असतो. मात्र मुदतठेवीचे व्याज पगारात मिळवले जाते, म्हणून त्यावर आपल्या सर्वांत वरच्या पायरीचा दर बसतो. खरी गोम येथे आहे.

उदाहरण घेऊ. एका घरात मुलगा 30 टक्क्यांच्या पायरीवर आहे. मातोश्रींचे निवृत्तिवेतन व व्याज मिळून उत्पन्न 6 लाख. दोघांनीही 1 लाख रुपये 7 टक्क्यांनी ठेवले. ज्येष्ठांचा जादा दर क्षणभर बाजूस ठेवू. व्याज दोघांसही 7,000 रुपये. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नास करसूट असल्याने मातोश्रींच्या हाती सातही हजार राहतात. मुलास कर व त्यावरील 4 टक्के उपकर मिळून 2,184 रुपये द्यावे लागतात, उरतात 4,816. सात टक्क्यांची ठेव 4.8 टक्क्यांची झाली! त्या वर्षी महागाई 5 टक्के वाढली, तर रक्कम वाढूनही तिची खरेदीशक्ती घटलीच.

आता 1968 साली सुरू झालेला पीपीएफ पाहा. एप्रिल 2020 मध्ये त्याचा दर 7.1 टक्के ठरला आणि त्याचे व्याज करमुक्त आहे. मुलास तेवढेच हाती येण्यास करपात्र ठेवीवर सुमारे 10.3 टक्के मिळावयास हवेत. अर्थात वर्षास दीड लाखाची मर्यादा आणि पंधरा वर्षांची मुदत आहे. मातोश्रींस कर नाहीच. मग त्यांनी उतारवयात पैसा एवढा काळ का अडकवावा? घर एक, पण उत्तरे दोन.

दोन इशारे देतो. बँकेने 10 टक्के कापून घेतले म्हणजे कर फिटला, असे समजू नये. वरच्या पायरीवरील मनुष्यास उरलेला कर स्वतः भरावा लागतो. तसेच पत्नीस पैसे देऊन तिच्या नावे ठेव केली, तरी तिचे व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

तात्पर्य, बँकेच्या फलकावरील आकड्यास भुलू नये. प्रथम आपली पायरी पाहावी, कर वजा करावा आणि मगच कष्टाचा पैसा ठेवावा.