गगनवीर दिलीप परुळकर



मुदखेड हे जंक्शनचे गाव. एक मार्ग नांदेडकडे, एक निजामाबादकडे आणि एक भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे जातो, हे येथील लहान मूलही सांगेल. रुळांशी असा घरोबा असलेल्या श्रोत्यांना एका मराठी वैमानिकाची हकिगत अधिक जवळची वाटेल. ज्याची कारकीर्द आकाशात घडली, त्याला एका बंद पडलेल्या रेल्वेस्थानकाने दगा दिला.

दिलीप परुळकर 1963 मध्ये भारतीय वायुसेनेत अधिकारी झाले. 1965 च्या युद्धात त्यांच्या विमानावर शत्रूचा मारा झाला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून द्यावे, असा सल्ला तुकडीच्या नायकाने दिला. परुळकरांनी ते जायबंदी विमान तशाच अवस्थेत तळावर आणून उतरविले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

1971 च्या युद्धात, 10 डिसेंबर रोजी, त्यांचे सुखोई-7 विमान पाडले गेले आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत अन्य भारतीय वैमानिकही होते. 17 डिसेंबरला पश्चिम आघाडीवर शस्त्रे थांबली, 2 जुलै 1972 रोजी सिमला करार झाला. पण सुटकेचा दिवस काही ठरेना. पाकिस्तानचे सुमारे 93 हजार कैदी भारतात होते, म्हणजे देवाणघेवाण कधीतरी होणारच होती. मग जिवावर उदार होण्याचे कारण काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु कैदेतील सैनिकाला निसटण्याचा प्रयत्न हे कर्तव्य वाटते, आणि 1949 चा जिनिव्हा करारही अशा प्रयत्नास केवळ शिस्तभंग मानतो. त्याबद्दल 30 दिवसांहून अधिक शिक्षा देता येत नाही. अर्थात हे झाले कागदावरचे. अंधारात पहारेकऱ्याची बंदूक करार वाचत नाही.

परुळकरांसह मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे दोघे तयार झाले. भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या. करारानुसार मिळणारा तुटपुंजा भत्ता साठविला. शाळकरी नकाशा अभ्यासला. 12 व 13 ऑगस्ट 1972 च्या मधल्या वादळी रात्री तिघे बाहेर पडले. कोणाही पहारेकऱ्याला त्यांनी इजा केली नाही. बसने पेशावर गाठले, तेथून जमरूद आणि मग खैबर खिंडीतील लंडी कोतल. सकाळ उलटण्याआधी अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर आली होती.

नकाशावर पुढचे स्थानक होते लंडी खाना. तिघांनी बाजारात त्याचीच वाट विचारली. येथेच घात झाला! खैबर रेल्वे 1925 मध्ये लंडी कोतलपर्यंत आली, 1926 मध्ये लंडी खान्यापर्यंत वाढली. परंतु हा शेवटचा तुकडा 1932 मध्येच बंद झाला होता. तिघांपैकी कोणाचा जन्मही तोवर झालेला नव्हता. नकाशाने मात्र ते स्थानक जिवंत ठेवले होते. चाळीस वर्षे गाडी न गेलेल्या ठिकाणाची चौकशी करणारे हे कोण, असा संशय तेथील एका सरकारी कारकुनाला आला आणि तिघे पकडले गेले.

आपण पाकिस्तानी वायुसेनेचे सैनिक आहोत, असे त्यांनी सांगितले. ते कोणाला पटेना. त्या टोळीवाल्यांच्या मुलखात हेर समजून गोळी घातली जाण्याचा धोका समोर उभा होता. तेव्हा परुळकरांनी एकच मागणी केली: स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांच्याशी फोनवर बोलू द्या. हे गृहस्थ पूर्वी त्याच छावणीचे प्रमुख होते आणि आता पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांचे सहायक. आवाज ऐकताच त्यांनी सारे ओळखले आणि ही माणसे आमचीच आहेत, त्यांना सांभाळा, असे कळविले. शत्रूपक्षाच्या या अधिकाऱ्याचे नाव परुळकरांइतक्याच आदराने घेतले पाहिजे.

तिघे पुन्हा कैदेत गेले. 1 डिसेंबर 1972 रोजी ते अन्य सहकाऱ्यांसह वाघा सरहद्दीवरून पायी भारतात आले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टनपदापर्यंत चढले. पलायनाच्या नेतृत्वाबद्दल विशिष्ट सेवा पदकाने त्यांचा गौरव झाला. 10 ऑगस्ट 2025 रोजी त्यांचे निधन झाले. त्या वादळी रात्रीला 53 वर्षे होण्यास दोनच दिवस उरले होते.