शेवटचे ताट
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. मी थोडा वेळ घरातल्या ताटाबद्दल बोलणार आहे. मागे काही जण तंबाखू मळत उठायच्या बेतात आहेत, त्यांनी बसावे. विषय त्यांच्याच घरचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. सगळ्या देशाचे पाहिले तर बाया ५७ आणि पुरुष २५. एकाच चुलीवरचे खाणाऱ्या माणसांत एवढा फरक कशाने पडतो? पाळीत आणि बाळंतपणात रक्त जाते हे खरे; पण म्हणून तर तिला जास्त मिळायला हवे. आपल्याकडे होते उलटे. आधी पुरुष, मग पोरे, मग सासू, आणि सून शेवटी. भाजी संपली असली तर ती भाकरीवर तिखट-मीठ घेते आणि पुन्हा वेचणीला जाते. तिला कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. रीतच तशी आहे, आणि रीत असल्यामुळे त्यातला अन्याय कोणाला दिसत नाही; तिला स्वतःलाही नाही.

तुम्ही म्हणाल, ही रीत तर आजीच्या वेळीही होती. होती, आणि तेव्हा सगळे बरे होते असे मी म्हणत नाही. पण शेवटच्या ताटात उरायचे काय, ते बदलले. तेव्हा ज्वारीची भाकरी नाहीतर कण्या उरत. जोडीला अंबाडी, तांदुळजा, घोळ, तरोटा. निंदायला गेलेली बाई ओटीत भाजी घेऊनच परतायची. आता तणनाशक मारले की तणाबरोबर भाजीही जाते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नाही. गव्हाच्या कणकेत लोह ज्वारीएवढेच आहे, तेव्हा पोळीला शिव्या देण्यात अर्थ नाही. नुकसान होते ते रेशनचा भात आणि पातळ वरण यावर दिवस काढण्यात.

ज्वारी सोडणारा शेतकरी मूर्ख नव्हता. १९६४ साली पहिले संकरित वाण आले, उत्पन्न वाढले. पण लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडू लागले. काळ्या ज्वारीला व्यापारी भाव देईना, त्यात रानडुकरांचा त्रास, मग सोयाबीन आले. शिवाय पाहुणा आला की पोळी आणि घरच्यांना भाकरी, हा मान-अपमान आपणच ज्वारीला चिकटवला. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. शहरात ज्वारीची बिस्किटे दिसू लागली, एवढे खरे.

ज्वारी म्हणजे अमृत असेही कोणी सांगू लागले तर ऐकू नका. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या गरिबांना पेलाग्रा होत होता. उन्हाने कातडी काळी पडून सोलायची. ज्वारीसोबत डाळ, पाला, ताक लागतेच. म्हणूनच पूर्वीच्या शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, अंबाडी असायची.

आता दवाखान्याचे. बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर येतो. बाईला धाप लागते, चक्कर येते, तेव्हा आपण म्हणतो, वेचणी होऊ दे. अंगात रक्त कमी असलेली बाई बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही सोसू शकत नाही. गरोदरपणी १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, ती उपकेंद्रात फुकट मिळते. गोळीने शौच काळी होते, म्हणून घाबरून पाकीट फेकून देतात. त्यात भीतीचे काही नाही. मात्र गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. 'कमी खा, बाळंतपण सोपे जाईल' असे सांगणाऱ्या सासवांनी तर ते सांगणे आजच सोडावे.

आणि रीत बदलता येत नाही, असेही कोणी म्हणू नये. बाळंतिणीला आपण आधी वाढतोच की! अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, तूप. घरात टंचाई असली तरी तिच्यासाठी निघते. सव्वा महिना जे जमते ते पुढे का बंद पडते, याचे उत्तर मला तरी कोणी दिलेले नाही.

प्रत्येक गावाच्या शाखेने पुढच्या बैठकीआधी गावातल्या बायांची हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. आशाताईंना बरोबर घ्या. त्या दिवशीची मजुरी बुडेल, ती घरच्या पुरुषांनी हिशेबात धरावी. येत्या पेरणीला कपाशीत दोन ओळी अंबाडीच्या टाका. त्याने कापूस बुडत नाही.

आता जेवणाची वेळ झाली. आज पहिली पंगत बायांची बसेल. वाढायला दहा-बारा पुरुष लागतील, त्यांनी मंडपामागे यावे.