घरची भाषा आणि वर्गाची भाषा



शाळेच्या हीरक महोत्सवात काशीच्या एका घाटाविषयी बोलणे प्रथमदर्शनी विषयांतर वाटेल. परंतु मराठी शाळेतील एखादा वर्ग पहिलीपासून दहावीपर्यंत एकत्र वाढतो, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय लागते, हे ओळखण्याचा एक मार्ग आहे. जेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पण मुलांचे शिक्षण बहुतांशी इतर भाषांतून झाले, तेथे काय टिकले आणि काय टिकले नाही, हे पाहावे.

काशीतील केदार घाट आणि दशाश्वमेध घाट यांच्या दरम्यान राजा घाट आहे. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या कराराने निवृत्तिवेतन घेऊन राजकारणातून बाजूला झाले. पुढे उत्तरेत स्थायिक झाल्यावर त्यांनी काशीत दानधर्म केला, अन्नछत्र चालविले आणि 1824 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. घाटावरील अमृतेश्वर आणि विनायकेश्वर या देवळांची नावे पितापुत्रांची आठवण देतात.

मराठी माणसाचे काशीशी नाते त्याहूनही जुने आहे. संत एकनाथांनी भागवतावरील आपली टीका 1573 मध्ये काशीतच पूर्ण केली. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती झाली. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत अशा तीन भाषांत तेथील मुले वाढली.

त्या पाठशाळांतही इयत्ता होत्या, फक्त त्यांची नावे वेगळी होती. गुरुजी संथा देत आणि विद्यार्थी ती एका स्वरात म्हणत. संहितेनंतर पद, पदानंतर क्रम, मग जटा आणि शेवटी घन, अशा पायऱ्या चढत सहाध्यायी एकत्र मोठे होत. एकाचा स्वर चुकला की दुसऱ्याच्या कानाला ते कळे. पाठांतर प्रत्येकाचे स्वतंत्र असले, तरी त्याची राखण सर्वजण मिळून करीत. वर्ग म्हणजे एकमेकांची स्मृती सांभाळणारा समुदाय, ही गोष्ट त्या पाठशाळांनी फार पूर्वी ओळखली होती.

मात्र मराठीला असा वर्ग तेथे क्वचितच मिळाला असावा. त्याचा परिणाम मामा-भाच्याच्या एका जोडीत स्पष्ट दिसतो. सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म 1869 चा. मराठी घरातील हे गृहस्थ देवघर येथे वाढले, तेथेच शिक्षक झाले आणि बंगालीत लिहू लागले. 1904 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या पुस्तकाने स्वदेशीच्या काळात बंगाल हलविला. त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर 1883 मध्ये काशीत जन्मले. 1920 मध्ये काशीहून सुरू झालेल्या ‘आज’ या दैनिकाच्या द्वारे त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. मामांच्या पुस्तकाचा हिंदी अनुवादही त्यांनीच केला. हिंदीतील ‘मुद्रास्फीति’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

या दोघांचे काहीही बिघडले नाही. दोन भाषांना त्यांनी दिलेले दान थोरच आहे, आणि त्याचा मराठी माणसाला अभिमानच वाटावा. परंतु त्यांची लेखणी ज्या भाषांत घडली, त्या त्यांच्या परिसराच्या आणि शिक्षणाच्या भाषा होत्या. घरी बोलली जाणारी मराठी त्यांच्या लेखनाची मुख्य भाषा झाली नाही. ‘मुद्रास्फीति’साठी मराठीत ‘चलनवाढ’ हा शब्द आहे. असे शब्द माजघरात किंवा देवघरात सहसा भेटत नाहीत. ते वर्गात किंवा वर्तमानपत्रातच भेटतात.

येथेच मराठी शाळेचे मोल कळते. घरची भाषा आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे, म्हणजे वरून खाली येते. वर्गातील भाषा समवयस्कांत पसरते. घर नात्यांचे, स्वयंपाकाचे, सणावारांचे शब्द देते. काटकोन, क्षेत्रफळ, बाष्पीभवन, लोकशाही हे शब्द शाळा देते, आणि तेही एकाच दिवशी, एकाच बाकावर बसलेल्या मुलांना. म्हणून ते शब्द पुढे केवळ ज्ञान राहत नाहीत. त्यांना मैत्रीचा वास लागतो.

कोणत्याही तुकडीच्या मेळाव्यात याचा प्रत्यय येतो. पहिलीची पाटी आणि ओल्या फडक्याचा वास, सामुदायिक पाढे, तिसरीत आपल्या जिल्ह्याचा भूगोल, चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास, हजेरीपटावरील क्रमांक, आठवीतील संस्कृतची विभक्तिरूपे, दहावीच्या निरोपसमारंभातील अवघडलेली शांतता. 1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि पुढे खेड्यातील व शहरातील मुले एकच धडा वाचू लागली. पाचवीत इंग्रजीची पहिली अक्षरे गिरविणाऱ्यांची पिढी वेगळी आणि 2000 पासून पहिलीतच इंग्रजी शिकणाऱ्यांची पिढी वेगळी. तरी ‘तो धडा आठवतो का?’ एवढा प्रश्न पुरतो, आणि पन्नाशीतील माणसे क्षणात दहा वर्षांची होतात. एकाला शीर्षक आठवते, दुसऱ्याला चित्र, तिसऱ्याला त्या तासाला झालेली शिक्षा. पूर्ण आठवण कोणा एकाजवळ नसते. ती साऱ्या वर्गात वाटलेली असते.

पालकांपुढील आजचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. ‘घरी तर मराठीच बोलतो, मग शाळा कोणतीही चालेल,’ असे पुष्कळ ठिकाणी म्हटले जाते. त्यामागील काळजी खरी आहे. मुलाच्या भवितव्याचा विचार त्यात आहे. राजा घाटाच्या आसपासच्या इतिहासाने त्या म्हणण्याचा अर्धा भाग खरा ठरविला: मातृभूमीपासून शेकडो कोस दूरही घराने मराठी जिवंत ठेवली. उरलेला अर्धा भागही तोच इतिहास सांगतो: घर भाषेला आयुष्य देते, पण तिला सवंगडी देऊ शकत नाही.

म्हणून या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक तुकडीने एकत्र बसून आपल्या इयत्तांची आठवण लिहून काढावी: कोणते पुस्तक, कोणते खेळ, वर्गात रूढ झालेले कोणते शब्द. एकट्याने लिहिल्यास ती अपुरी राहील. पाठशाळेतल्याप्रमाणे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने दुरुस्त करावे. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि आजच्या चौथीच्या मुलांना वाचावयास द्यावी. आपल्या आधीही याच खोलीत, याच भाषेत कोणी चुकले, हसले आणि शिकले, हे त्यांना कळेल. आणि आपलीही वही एक दिवस लिहावयाची आहे, हेही.