मुक्कामाची मुदत
(चिखलदरा येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



परदेशात फिरताना मुक्काम वाढवायचा कसा, यावर मला बोलायला सांगितलंय. विषय ऐकून मागच्या रांगेतला एक पोरगा हसला. म्हणाला, "भाऊ, आमाले अमरावतीची एसटी भेटत नाही, अन् तुमी व्हिशाचं सांगता!" त्याचं हसणं खरं आहे. तरी ऐका. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारात किती दिवस थांबायचं, हे त्या दारवाल्यानं लिहून दिलेला कागद. अन् दुसऱ्याच्या दारात थांबण्याचा अनुभव आपल्या बापजाद्यांइतका कुणाला आहे?

इथून जवळच गाविलगड आहे. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो तोफा लावून घेतला. त्याला मुक्कामाची परवानगी कुणी मागितली? पुढं त्याच साहेबांच्या राज्यानं 1939 साली परदेशी माणसांच्या नोंदणीचा अन् 1946 साली परदेशी नागरिकांचा कायदा केला. स्वतंत्र भारतानं हे दोन्ही कायदे 2025 पर्यंत चालवले. आता त्यांच्या जागी एकच नवा कायदा आलाय.

समजा, एखादा जर्मन पोरगा पाठीवर पिशवी टाकून चिखलदऱ्यात आला. लॉजवाल्याला 24 तासांत त्याची खबर सरकारला द्यावी लागते. त्याच्याकडं ई-टुरिस्ट व्हिसा असेल, तर तो मन रमलं म्हणून वाढवून मिळत नाही. पण पाय मोडला, विमान रद्द झालं, तर त्याला अर्ज करता येतो. 2018 पासून हे काम 'ई-एफआरआरओ' या सरकारी यंत्रणेत घरबसल्या होतं. पासपोर्ट, व्हिसा, राहत्या जागेचा पुरावा, डॉक्टरचा कागद चढवायचा, कारण लिहायचं. मुदत संपायच्या आत. मुदत उलटली तर दंड भरा, अन् देश सोडायचीसुद्धा वेगळी परवानगी काढा. कारभार कडक आहे. पण त्या पोराला आपली तारीख ठाऊक असते, अर्जाचा नंबर हातात असतो, अन् नकार आला तरी तो लेखी येतो.

आता माझं सांगतो. मी बौद्ध देश पाहायला निघालो अन् महिनोन्‌महिने फिरत राहिलो. जुलै 2024 मध्ये थायलंडनं भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिशाविना 60 दिवसांचा मुक्काम दिला होता. माझे 60 दिवस सरत आले, तसा मी बँकॉकच्या इमिग्रेशन कचेरीत गेलो. 'टीएम-7' नावाचा फॉर्म, एक फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स, राहत्या जागेचा पुरावा अन् 1,900 बात. नंबराची चिठ्ठी घेऊन बसलो. पुढं एक गोरा, मागं एक आपल्याच मुलखातला पांढरपेशा. सगळ्यांना तीच फी, तीच रांग. खिडकीतल्या बाईनं माझं आडनाव वाचलं अन् तिच्या कपाळावरची रेघही हलली नाही. त्या आडनावाचा अर्थच तिला ठाऊक नव्हता. ठप्पा मारला, 30 दिवस दिले. मागच्या पांढरपेशानं मात्र गोड आवाजात विचारलंच, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" पाहा, जातीला व्हिसा लागत नाही. ती फी न भरता समुद्र ओलांडते.

म्हणून ती कचेरी म्हणजे बुद्धविहार होता, असं समजू नका. माझ्या खिशात 1,900 बात होते म्हणून मी पाहुणा. ब्रह्मदेशातून पोट भरायला आलेल्या मजुराला त्या मुलखात असा पाहुणचार मिळत नाही.

आता 2020 आठवा. मार्चमध्ये विमानं बंद झाली. भारतात अडकलेल्या परदेशी पाहुण्यांच्या व्हिशाची मुदत सरकारनं फुकट वाढवली. वाढवत वाढवत 30 सप्टेंबर 2021 पर्यंत नेली. चांगलं केलं. अडकलेल्या माणसाला दंड करू नये. पण त्याच दिवसांत आपलेच मजूर उपाशीपोटी रस्त्यानं चालत होते, अन् त्यांना आपल्याच देशात गावी जायला पास लागत होता. 8 मे 2020 च्या पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशात पायी निघालेले 16 मजूर औरंगाबादजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. पाहुण्याची मुदत कचेरीत बसून वाढते, अन् घरच्या माणसाला घरी जायला परवाना मिळत नाही. हा कुठला न्याय?

हाच सवाल इथं मेळघाटात रोज उभा आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात आदिवासीनं 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा. पण कोरकूच्या शेजारी राहणारा बौद्ध, बलई, गवळी यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवायचा. हिशोब करा. 1930 साल येतं. 1930 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या आज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्याला रहिवासाचा दाखला कोणता पाटील लिहून देणार होता? परदेशी पाहुण्याला विचारतात, किती दिवस राहणार? आपल्याला विचारतात, किती वर्षांपासून राहता, अन् कागद कुठाय? मुक्काम त्याचाही, मुक्काम आपलाही.

म्हणून मित्रांनो, व्हिशाच्या रांगेतून जे शिकलो तेच इथं सांगतो. कागदाला भिऊ नका अन् कागदावर थुंकूही नका. तो मागून घ्या. अर्ज दिला की पोच घ्या, तिच्यावर तारीख पाहा. नाकारला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेनं दावा फेटाळला, तर उपविभागीय समितीकडं जायला 60 दिवस असतात. पर्यटक मुदत विसरला तर दंड भरतो, तुम्ही विसरलात तर वावर जातं. अन् कागद नाही म्हणून घरी बसू नका. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेता येतो. जुनी विहीर, जुनं घर, जुनं स्मशान हेसुद्धा नियमात पुरावे आहेत. आजा जिथं पुरला, ती जागा आजवर कुणी आपली म्हणू दिली नाही. आता तीच साक्षीला उभी करा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत तुम्हाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याचं कलम आहे. कुणी गाडी घेऊन दारात आला तर हे कलम त्याला मोठ्यानं ऐकवा.

तुमच्यातल्या कुणाला जग फिरायचं असेल तर जरूर फिरा. पासपोर्ट काढा, मुदत पाहा, आठ दिवस आधी कचेरीत जा, कुणा दलालाच्या हाती पासपोर्ट देऊ नका. पण आधी घरातल्या पत्र्याच्या पेटीत काय पडलंय ते पाहा. ज्यांच्या घरी दाव्याच्या पोचा असतील त्यांनी उद्या सकाळी त्या घेऊन या. चहाच्या आधी बसू अन् एकेकाची तारीख मोजू.

जयभीम.