न पोहोचलेले पाकीट

श्रोतेहो, ईद जवळ आली की आमच्या घरात कोऱ्या नोटांची शोधाशोध सुरू होते. ईदीची नोट करकरीत हवी, हा माझ्या दादीने घालून दिलेला दंडक. पण भाची कॉलेजात गेली आणि तिने मला स्पष्टच सांगितले, "मामू, नोटा नकोत, पुस्तकं द्या."

योगायोग असा, की पुण्यातल्या माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांकडे पुस्तकांच्या दुकानाचे दोन हजार रुपयांचे भेटकार्ड पडून होते. एका संस्थेने व्याख्यानाबद्दल शाल-नारळाऐवजी ते दिलेले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सरांचे वाचन कमी झाले होते. ते फुकटच देत होते. मला संकोच वाटला. शेवटी सतराशेवर ठरले. मी पैसे खात्यात भरले आणि वर शहाणपणाने म्हणालो, "सर, साध्या टपालानं टाका. उगीच खर्च कशाला?"

पाकीट आले नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. साध्या टपालाला ना नंबर, ना पोच. मग चौकशी तरी कोणत्या धाग्याने करायची? आणि रिकाम्या जागेत संशय फार लवकर घर करतो. एका संध्याकाळी मी फोनवर विचारून बसलो, "सर, पाकीट नक्की टाकलं होतं ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते एवढेच म्हणाले, "पैसे परत करतो." त्याच रात्री सतराशे रुपये माझ्या खात्यात जमा झाले. पैसे मिळाले, पण माझी झोप गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मीच करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी एका वकील मित्राला गाठले. त्याने १९३०चा मालविक्री कायदा काढला. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाचा आशय असा, की ठरल्याप्रमाणे विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, की तो सकृद्दर्शनी खरेदीदाराला पोहोचला असे धरतात. मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने योग्य व्यवस्था करायची असते. पण इथे साध्या टपालाचा हट्ट माझाच होता. भेटकार्डाला 'माल' म्हणायचे की नुसता हक्क, यावर वकील वाद घालतील. तत्त्व मात्र मला चपखल बसत होते. टपालाकडूनही भरपाईची आशा नव्हती. १८९८चा टपाल कायदा जाऊन १८ जून २०२४पासून २०२३चा कायदा लागू झाला. पण नियमाने जेवढी जबाबदारी पत्करलेली असेल तेवढीच टपाल खात्याची, हे सूत्र दोन्हींत आहे. थोडक्यात, नुकसान माझे होते आणि भरले होते सरांनी.

तरीही पैसे बुडाले नव्हते. कार्ड म्हणजे नोट नव्हे. नोट हरवली की पैसाच हरवला. कार्डाचा पैसा दुकानाच्या वहीत एका नंबरापुढे मांडलेला असतो. सरांनी तो नंबर सवयीने डायरीत टिपून ठेवला होता. दुकानात फोन केला तेव्हा कळले, की दोन हजार जसेच्या तसे शिल्लक आहेत. त्यांनी जुने कार्ड तिथल्या तिथे बंद केले. नवे हवे असेल तर मात्र मूळ खरेदीचे बिल आणा, म्हणाले.

बिल माझ्याकडे नव्हते, सरांकडेही नव्हते. ते होते कार्ड विकत घेणाऱ्या संस्थेकडे. तिथल्या खजिनदारांनी बिचाऱ्यांनी व्हाउचरची फाइल उपसून झेरॉक्स दिली आणि हे कार्ड सरांनाच दिले होते, असे पत्रही दिले. दोन्ही कागद जोडून सरांनी अर्ज केला. तीन आठवड्यांनी नवे कार्ड तयार झाले.

ते टपालाने मागवायचा प्रश्नच नव्हता. मी एस.टी.ने पुण्याला गेलो. कार्डात वाचलेले तीनशे रुपये भाड्यात गेले, त्याचे दुःख नाही. सरांसमोर बसलो, सतराशे रुपये ठेवले आणि म्हणालो, "सर, माझं चुकलं." त्यांनी नोटा मोजल्या, ड्रॉवरमधून कागद काढून पैसे मिळाल्याची पावती लिहिली. मग दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला, "आता कार्ड मिळाल्याचं तुम्ही लिहा." सही केली, तेव्हा कुठे चहा आला.

श्रोतेहो, कुणाकडून असे कार्ड घ्याल, तर आधी नंबर, मुदत आणि शिल्लक पाहा. मूळ बिलाची प्रत मागून घ्या. बँकेचे भेटकार्ड असेल तर ते जास्तीत जास्त दहा हजारांचे असते आणि त्यातून रोख काढता येत नाही. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला दुकानाच्याच अटी, त्या वाचा. पाठवायचे तर नोंद होईल अशाच टपालाने पाठवा.

माझी दादी म्हणायची, 'हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ.' द्यायचे तर शंभर हातांनी द्या, पण हिशेब जवाएवढाही सोडू नका. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटे. आता वाटते, पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती हातात असती, तर सरांना तो प्रश्न विचारायची वेळच माझ्यावर आली नसती.