हप्ते किती उरले?

गृहकर्जाचे व्याजदर काल काय होते आणि आज काय आहेत, हा विषय आपण मला दिला आहे. बीपीएलआर, बेस रेट, एमसीएलआर आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराला बांधलेली कर्जं ही वाटचाल तुम्हाला ठाऊक आहेच, तिच्यात वेळ घालवत नाही. मला पटवून द्यायचं आहे ते एवढंच, की घर घेणाऱ्याने दराच्या आधी मुदत विचारावी. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गृहकर्ज पंधरा टक्क्यांच्या घरात होतं, आज ते साडेसातच्या आसपास मिळतं. दर निम्म्यावर आला, म्हणजे घर आवाक्यात आलं असं वाटणं साहजिक आहे. आता हिशेब मांडू. महिन्याला ४०,००० रुपये हप्ता झेपणाऱ्या कुटुंबाला १५ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी सुमारे साडेअठ्ठावीस लाख कर्ज बसतं. साडेसात टक्क्यांनी, ३० वर्षांसाठी, त्याच हप्त्यात सुमारे ५७ लाख बसतं. पहिलं कुटुंब एकूण ७२ लाख भरून मोकळं होतं, दुसरं १ कोटी ४४ लाख भरतं. मुदत लांबते ती दर स्वस्त असल्यामुळेच. १५ टक्क्यांना मुदत १५ वरून ३० वर्षं केली तर लाखामागे हप्ता १,४०० वरून १,२६४ वर येतो, म्हणजे फारसं काही हाती लागत नाही. साडेसात टक्क्यांना तोच ९२७ वरून ६९९ वर येतो, आणि मोह होतो. मोठं कर्ज मिळू लागलं, की घरांच्या किमतीही चढतात. यावर कोणी म्हणेल, घरं महागली ती जमीन, एफएसआय आणि नोकऱ्या यांमुळे. मान्य आहे. पण जमीन कितीही दुर्मीळ असली तरी किंमत घेणाऱ्याच्या ऐपतीपर्यंतच चढते, आणि मुंबई-पुण्यात आज ऐपत म्हणजे मंजूर होणारं कर्ज. ते किती मंजूर होतं, हे विकणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं.

लांब मुदतीचं खरं दुखणं २०२२ साली दिसलं, तिथे जरा थांबतो. त्या मे महिन्याच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, पुढच्या फेब्रुवारीत तो साडेसहा झाला. पावणेसात टक्क्यांनी, २० वर्षांसाठी ५० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता होता ३८,०१८ रुपये. अडीच टक्के वाढ होऊन दर सव्वानऊ झाला, की पन्नास लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच होतं ३८,५४२. मधल्या काळात पन्नास हजार मुद्दल उतरलं असं धरलं, तरी ३८,१५६. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल एक रुपयाने उतरत नाही, उलट वाढतं. अनेकांचा हप्ता मात्र तोच राहिला, मुदत तेवढी मागच्या बाजूने लांबली. त्यामुळे ते घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. हप्ता वाढला असता तर त्याच महिन्यात घरात बोलणं झालं असतं. दर वाढण्याचा सगळा धोका कर्जदाराच्या म्हातारपणावर ढकलला गेला, आणि त्याला कोणी विचारलंही नाही. अखेर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि मुद्दल फुगेल इतकी मुदत लांबवू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. करसवलतीचा भाग सोडून देतो. पण समोर काही माना नकारार्थी हलताहेत, त्यांना उत्तर दिलंच पाहिजे. भाड्यात पैसे घालवायचे का, असा त्यांचा प्रश्न असणार. घर घेऊ नका, असं मी म्हणतच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महागाईबरोबर पगार वाढतो, हप्ता तोच राहतो, मग लांब कर्ज हळूहळू हलकंच होत जातं ना? होतं, पण पगार वाढत असेतो. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. पस्तिशीत घेतलेलं ३० वर्षांचं कर्ज ६५ व्या वर्षी फिटतं, म्हणजे शेवटची सात वर्षं हप्ता जाणार तो पेन्शनमधून. पगारवाढीचा फायदा कर्जाला मिळायचा असेल, तर वाढलेल्या पगारातून मुद्दल फेडावं लागतं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून लावता येत नाही, तरी त्याच्या भीतीने माणसं अजून थांबतात.

२०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. पन्नास लाख, वीस वर्षं, पावणेनऊ टक्के, हप्ता ४४,१८६, असं कर्ज धरा. दर साडेसात झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे १९८ हप्त्यांत कर्ज संपतं. साडेतीन वर्षं वाचतात. तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवा. आता दर तिमाहीला बँकेने तुम्हाला कर्जाचं स्टेटमेंट उपलब्ध करून द्यायचं असतं, आणि किती हप्ते उरले तो आकडा त्यात असतो. आज घरी गेल्यावर तो आकडा बघा, आणि ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्या दोघांनी मिळून बघा.