जुने मिक्सर आणि नवे हप्ते
(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शील, समाधी, प्रज्ञा यांवर येथे विद्वान मंडळी बोलून गेली. मी २२ वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला माणूस. मंडळाने मला सांगितले, स्वयंपाकघरातील विजेच्या वस्तूंवर बोला. विषय लहान वाटेल, पण आपल्या घरांतला बराच पैसा याच वाटेने बाहेर जातो.

गेल्या वर्षी आपल्या वस्तीतील एका भगिनीचा मिक्सर बंद पडला. डबे करून दोन मुलांना शिकवणारी ही बाई. चटणी-वाटण थांबले म्हणजे डबे थांबले, म्हणून घाईघाईने ती एका प्रदर्शनातून सात भांड्यांचा नवा संच हप्त्यावर घेऊन आली. त्यातले एकच भांडे ती वापरते. हप्त्याच्या ओढाताणीत मुलीची परीक्षा फी उशिरा भरली गेली आणि वर दंड बसला. पुढे खाटेखाली टाकलेला जुना मिक्सर तिने माझ्याकडे आणला. मोटार ठणठणीत होती. फक्त कपलरचे, म्हणजे भांडे बसते त्या खालच्या चक्रीचे, दाते झिजले होते. शंभर रुपयांच्या आत काम झाले. तो मिक्सर आजही चालतो आहे, आणि हप्तेही चालूच आहेत.

म्हणून नवे घेण्यापूर्वी जुन्याला काय झाले ते पाहावे. मोटारीचा आवाज येतो पण पाते फिरत नाही, तर बहुधा कपलर गेला. अधूनमधून चालतो, आत ठिणग्या दिसतात, तर कार्बन ब्रश झिजले. आवाजच नाही, तर बटन बंद करून मिक्सर उलटा करा. बहुतेकांच्या तळाला एक लहान बटन असते. वाटण घट्ट होऊन मोटारीवर भार आला की ते बाहेर येते आणि मोटार वाचते. पाच-दहा मिनिटे थांबून, भांड्यातले थोडे काढून, ते आत दाबावे. या एका बटनापायी लोक रिक्षा करून माझ्याकडे येतात! भांड्याच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर मात्र वेळ घालवू नये. बुश आणि वॉशर स्वस्त असतात, पण तेच पाणी मोटारीत उतरले की वाइंडिंग जाते. वाइंडिंग जळले आणि भरण्याचा खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्याहून जास्त निघाला, तर मी स्वतःच गिऱ्हाइकाला नवा घ्या म्हणून सांगतो. धंद्याचे नुकसान होते, पण खोटे बोलण्यापेक्षा बरे.

विनयपिटकात आनंदांची एक कथा आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे हा भिक्खू करणार काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी उत्तर दिले की ज्यांची जीर्ण झाली त्या भिक्खूंना ती देऊ. मग राजा जुन्यांविषयी विचारू लागला. जुन्यांच्या चादरी, चादरी विरल्या की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून भुई सारवायला. राजाने प्रसन्न होऊन आणखी पाचशे दिली. ही कथा मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगतो. कोणी हसतात, कोणी मिक्सर परत घेऊन जातात.

आता नवा घ्यायचाच झाला तर. चार-पाच माणसांच्या घरी चटणी-वाटणाला ५०० वॅट पुरतात. रोज इडलीचे पीठ, सुका मसाला किंवा डब्यांचा धंदा असेल तर ७५० घ्यावा. रोज २० मिनिटे चालवला तर पहिला महिन्याला साधारण ५ युनिट खातो, दुसरा साडेसात. म्हणजे विजेच्या बिलात फार फरक नाही, फरक किमतीत आहे. भांडी तीन पुरेत. आयएसआय शिक्का पाहावा, आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: याचा कपलर आणि ब्रश आपल्या गावात कुठे मिळतो? उत्तर मिळाले नाही तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी महाग आहे.

कुकरच्या बाबतीत काटकसर करू नये. त्याला आयएसआय शिक्का २०२० च्या सरकारी आदेशाने सक्तीचा केला आहे. रिंग कडक झाली की बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्ह मूळ कंपनीचाच बसवावा. मी एकदा स्वतःच्या घरी नकली बसवला होता. व्हॉल्व्ह उडून डाळ छताला लागली. त्या वेळी मुलगी नुकतीच ओट्यापासून दूर झाली होती. बूड फुगलेला कुकर दुरुस्त करून मागू नका, मी करून देणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या खोल्यांत किटली आणि इंडक्शन शेगडी असते. भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॅट. त्यावर २००० वॅटची शेगडी लावली की पिन वितळते आणि भिंत काळी होते. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्यासाठी अर्थिंगची पिन कोणी तोडू नका. धातूच्या किटलीचा शॉक जीव घेतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा देशाच्या वीजधोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. ती वीज आज आपल्या घरांत आली आहे, ती नीट जोडून घेणे आपल्याकडे आहे.

खरेदीची पावती घ्यावी, त्यावर वस्तूचा क्रमांक लिहून घ्यावा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यावा. "पावती कशाला, आपलेच दुकान आहे" असे म्हणणाऱ्याकडे तर जरूर मागावी. फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे आणि एक भाग अडीअडचणीसाठी ठेवायचा आहे. मिक्सर बंद पडणे ही अडचणच आहे. महिला मंडळाने दरमहा थोडी भिशी याच कामासाठी वेगळी काढली, तर घाईचा हप्ता कोणाला घ्यावा लागणार नाही. मंडळाने यावर बैठकीत विचार करावा.

येत्या रविवारी धम्मवंदनेनंतर मी विहाराच्या ओसरीवर टेबल मांडून बसणार आहे. बंद पडलेले मिक्सर घेऊन या. मजुरी घेणार नाही, सुट्या भागाचे पैसे तेवढे लागतील. आणि येताना भांडेही आणा, नुसती मोटार नको. निम्म्या वेळा बिघाड भांड्यातच असतो.

जयभीम! नमो बुद्धाय!